तीन दिवस मान वर

मी शब्द पाळणारा माणूस आहे. कॅलगुर्लीतल्या, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सोन्याच्या खाणींच्या गावातल्या, कुठल्याही पबात हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. निम्मे लोक ग्लास खाली ठेवून हसतील आणि उरलेले ग्लास खाली न ठेवताच हसतील. हसू देत. लेस पेंगेली, वय वर्षं चौऱ्याहत्तर, याने आयुष्यात एकदा शब्द दिला आणि पहिल्या दिवशी सकाळी सातपासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तो पाळला. एकोणसाठ तास! झोपेचे तास कृपया वजा करू नयेत. झोपेतही पाळला. बेरिलने जागं राहून खात्री करून घेतली आहे.

बेरिल माझी बायको. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. इतर नवरे लग्नात बायकोला गळ्यातलं-कानातलं काहीतरी देतात. मी तिला सोनं शोधायचा सरकारी परवाना काढून दिला. एकदा काढला की मरेपर्यंत चालतो, आणि मोकळ्या सरकारी जमिनीवर जे सापडेल ते ज्याला सापडलं त्याचं. "हे घे, आयुष्यभर पुरेल," असं म्हणून मी तो तिच्या हातात दिला होता. तिने त्याची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पुन्हा म्हणून बाहेर काढली नाही. काढून तरी काय करणार? जिथे म्हणून जमीन होती तिथे मी आधीच उभा असायचो.

आता माझी चूक मी कबूल करतो. एकदा पोरांना समुद्र दाखवायला म्हणून एस्परन्सला निघालो. अर्ध्या वाटेवर नॉर्समनजवळ पाय मोकळे करायला उतरलो, जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर सहज फिरवला, तो एकदा 'कुंई' म्हणाला. अकरा दिवस आम्ही तिथेच! पोरांनी समुद्र पाहिला तो त्या वर्षीच्या कॅलेंडरवर. सापडलं काय? सार्डिनच्या डब्याचं झाकण, घोड्याचा नाल, आणि कुणा बिचाऱ्याचा अजून वापरता येईल असा चमचा. मुलीच्या लग्नातही चर्चच्या मागे जरा... जाऊ दे. मी वेळेवर पोचलो होतो, एवढं सांगतो. पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलो होतो, पण वेळेवर.

तर गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बेरिल टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "लेस, उनाच्या शेजारचं घर विकायला निघालंय."

उना म्हणजे तिची धाकटी बहीण. अल्बनीला राहते. आमच्यापासून आठशे किलोमीटर दक्षिणेला. तिथे समुद्र आहे, पाऊस आहे, देवमासे आहेत, आणि सोन्याचा एक कण नाही.

"निघू दे की," मी म्हणालो.

"मी जाणार आहे."

"बघायला?"

"राहायला. तू आलास तर तुझ्यासकट. नाही आलास तर तुझी उशी उनाच्या कुत्र्याला देईन."

मी हसलो. ती हसली नाही. टोस्टची दुसरी बाजूही तिने शांतपणे लोणी लावून पूर्ण केली. सेहेचाळीस वर्षांत टोस्टला दोन्ही बाजूंनी लोणी मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"एक संधी देते," ती म्हणाली. "तीन दिवस. मेंझीज, कुकायनी, ग्वालिया, आणि शेवटी ब्रोकन बकेट. माझ्या आजीची बेकरी होती तिथे. सगळी माणसं जशी जुनी गावं बघत हिंडतात तसं हिंडायचं. इमारती बघायच्या, चहा प्यायचा, फोटो काढायचे. डिटेक्टर घरी. सोनं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि जमिनीकडे बघायचं नाही!"

"जमिनीकडे बघायचं नाही? मग चालायचं कसं?"

"मान वर करून. बाकीचं जग तसंच चालतं."

"आणि पाळलं तर?"

"तर अल्बनीचं नाव मी जन्मात तोंडातून काढणार नाही."

मी तिथल्या तिथे हात पुढे केला. अहो, तीन दिवस म्हणजे काय? माझ्या आजोबांनी दोन वर्षं पाण्याशिवाय काढली होती! (बिअर होती. पण पाणी नव्हतं.)

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता पेट्रोल पंपावर मिर्को भेटला. मिर्को राडिच हा माझा चाळीस वर्षांचा मित्र आणि तितक्याच वर्षांचा पहारेकरी. मी कुठेही वाकलो की शंभर पावलांवर मिर्कोच्या बुटाची नाडी सुटलेली असते. माझ्या गाडीचा मागचा भाग त्याने नेहमीप्रमाणे नजरेने तपासला. खुर्च्या, पाण्याचा डबा, फावडं. फावडं आमच्याकडे प्रत्येक गाडीत असतं. ते कशासाठी हे पुढे येईलच.

"गड्या, मशीन कुठंय?" त्याने विचारलं.

"घरी."

"बिघडलं?"

"नाही."

"विकलंस?"

"नाही रे."

"तू बरा आहेस ना? छातीत वगैरे काही?"

"ठणठणीत आहे. बेरिलला जुनी गावं दाखवायला नेतोय. इमारती बघणार, चहा पिणार, फोटो काढणार."

मिर्को माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या टाकीतून पेट्रोल उतू जाऊन त्याच्या बुटावर पडत होतं, तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या मुलखात ज्याला काही सापडलं नाही तो "काही नाही" म्हणतो, आणि ज्याला घबाड सापडलंय तोही "काही नाही" म्हणतो. त्यामुळे माणूस काय बोलतो याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तो वागतो कसा ते बघतात. आता चाळीस वर्षं डिटेक्टर घेतल्याशिवाय संडासलाही न गेलेला पेंगेली एक दिवस मोकळ्या हातांनी बाहेर पडतो, याचा अर्थ काय? शोधणं संपलं! जागा सापडली! आता नुसतं जाऊन आणायचं!

"आणि बेरिलला नेतोयस," मिर्को अगदी हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे एकट्याला उचलणार नाही एवढं आहे."

"मिर्को, इमारती बघायला नेतोय!"

"इमारती," मिर्को म्हणाला, आणि त्याने मला डोळा मारला.

मेंझीजच्या वाटेवर आरशात पाहिलं तर मागे धुळीचे तीन लोट. आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा असतो. मागून येणाऱ्यांना कसा करायचा याची पद्धत अजून ठरलेली नाही. पहिल्या गाडीत मिर्को होता. ओळख पटू नये म्हणून त्याने बायकोची फुलाफुलांची उन्हाळी टोपी घातली होती. खाली मिशी तशीच.

"मिर्कोला ती टोपी शोभते," बेरिल म्हणाली. तिला मजा येत होती. मला पहिली शंका तिथेच यायला हवी होती.

मेंझीजच्या नगरभवनासमोर मी मान वर करून उतरलो आणि दिव्याच्या खांबावर आदळलो. बेरिलने फोटो काढला. पुढे पायरीला अडखळलो, तोही काढला. जमिनीकडे न बघता चालणं म्हणजे काय, हे ज्याने जन्मभर जमिनीशिवाय काही पाहिलं नाही त्यालाच कळेल. मला आमच्या मुलखात आकाश आहे हे माहीत होतं, पण इतकं आहे याची कल्पना नव्हती!

मागून कुजबुज ऐकू आली.

"वर काय बघतोय म्हातारा?"

"झाडांचे शेंडे. खूण वर बांधलीय त्याने. खाली बांधली असती तर आपल्याला दिसली असती ना!"

"पक्का आहे!"

दुपारपर्यंत सात गाड्या झाल्या. त्यातल्या दोन गाड्यांच्या मागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, जोडलेल्या होत्या. ती बिचारी निवृत्त जोडपी पर्थहून फुलं बघायला आली होती. पुढे एवढ्या गाड्या चालल्यात म्हणजे फुलंही तिकडेच असतील असं त्यांना वाटलं.

कुकायनीच्या पबात ग्लेनिस काउंटरमागे ग्लास पुसत होती. पबाची मालकीण, स्वयंपाकीण आणि बातमीदार, तिन्ही तीच. "काय देऊ, लेस?"

"दोन चहा."

पबात अशी शांतता पसरली की छपरावरच्या गुलाबी काकाकुव्यांचं भांडण आत स्पष्ट ऐकू आलं.

"चहा?" ग्लेनिस म्हणाली. "तू?"

"मी."

तिने फडकं खाली ठेवलं आणि बेरिलकडे वळली. "बाई गं, किती मोठं आहे?"

"काही नाही गं, ग्लेनिस," बेरिल म्हणाली. "आम्ही नुसतं हिंडतोय."

"हिलासुद्धा शिकवून ठेवलंय!" कोपऱ्यातून कोणीतरी कौतुकाने म्हणालं. "शुद्धीत राहायचं म्हणून चहा पितोय. डोकं ताळ्यावर ठेवायची वेळ आली की माणूस चहावर येतो!"

ग्लेनिसने आम्हाला न मागता मसालेदार अंड्यांचे पाय (चालायचे नव्हेत, सारण भरून भट्टीत भाजलेले, खायचे) आणून दिले. तिच्या पायबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही, कारण खाल्ल्यावर बोलण्याच्या परिस्थितीत कोणी नसतो. पण ती समोर उभी राहून बघत होती. मी दोन खाल्ले. तिसरा रस्त्यासाठी बांधून दिला. ही गोष्ट लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी ग्वालिया. खाणकामगारांची पत्र्याची जुनी घरं तिथे अजून उभी आहेत. कोणाच्या टेबलावर अजून किटली ठेवलेली. बेरिल एकेका दारात उभी राहून आत बघत होती आणि मी तिच्यामागे छपरं बघत होतो. खरं सांगू? ती एका खिडकीपाशी मला म्हणाली, "लेस, बघ, पडद्याला अजून ठिगळ आहे. कोणीतरी बसून लावलं असेल." आणि मला क्षणभर बाकी काहीच आठवलं नाही. एक क्षण. मग मागे कुठल्याशा गाडीचं दार धपकन लागलं.

चोवीस गाड्या! मोजायला मला काय, मान वरच होती, सगळं लांबवर दिसत होतं. काल बेरिलने माझा एका धुराड्याशेजारी फोटो काढला होता. मी मान वर, एक हात डोळ्यांवर, अशा ऐटीत उभा. त्यावरून ठरलं होतं की पेंगेली धुराड्याच्या टोकावरून दिशा घेतोय. त्यामुळे आता ग्वालियाच्या प्रत्येक धुराड्यापासून माणसं पावलं मोजत चालली होती. तीसेक माणसं, हात मागे, ओठ हलवत, एकमेकांच्या वाटा कापत! दोघे एकाच जागी पोचले आणि बाचाबाची झाली. कॅरव्हॅनवाल्या आजोबांनी मध्ये पडून विचारलं, "फुलं इथेच आहेत का?" तर त्यांना दोघांनी मिळून हाकललं.

"लेस," बेरिल म्हणाली, "त्यांना खरं काय ते सांगून टाक."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण खरं सांगून काही काम झाल्याचा मला अनुभव नव्हता. पण मी गाडीच्या बॉनेटवर चढलो. मान वरच.

"ऐका!" मी ओरडलो. "मला काहीही सापडलेलं नाही! मी ती... ती वस्तू शोधायला आलेलो नाही! ब्रोकन बकेटला उद्या आम्ही फक्त जेवायला जाणार आहोत! तिथे काही नाही! काही म्हणजे काहीच नाही! कृपा करून घरी जा!"

मग मिर्कोने फुलाफुलांची टोपी काढून छातीशी धरली.

"चाळीस वर्षांत," तो सगळ्यांना म्हणाला, "हा माणूस 'काही नाही' एवढंच म्हणालाय. ओरडून नाही. आणि बॉनेटवर चढून तर कधीच नाही. आणि ऐकलंत ना? ते नावसुद्धा तोंडातून निघत नाहीये त्याच्या!"

"ब्रोकन बकेट!" कोणीतरी ओरडलं.

आणि सगळे गाड्यांकडे पळाले. धूळ इतकी उडाली की पुढची दहा मिनिटं जमीन मला बघायची असती तरी दिसली नसती.

तिसऱ्या दिवशी आम्ही ब्रोकन बकेटला पोचलो तेव्हा गावची लोकसंख्या शंभर वर्षांत पहिल्यांदा शून्याच्या वर गेली होती. तसं गाव म्हणजे एक मोडकी भट्टी, एक पाटी आणि थोड्या कबरी. पण आज झाडाझाडामागे गाडी, गाडीगाडीवर माणूस, माणसामाणसाच्या डोळ्याला दुर्बीण. सगळ्या आमच्यावर! सर्कशीतल्या अस्वलालाही थोडा खाजगीपणा असतो.

बेरिलने भट्टीला हात लावला. तिची आजी इथे रोज दोनशे पाव भाजायची म्हणे. "आणि हात धुतलेलं पाणी त्या झाडाला घालायची," बेरिल म्हणाली. "म्हणून ते एवढं मोठं झालंय." शे-दीडशे पावलांवर, पाटीच्या आणि कबरींच्या बऱ्याच पलीकडे, मोकळ्या जमिनीवर एक निलगिरीचं झाड होतं, साल अगदी तांबूस, चकाकणारी. आम्ही त्याच्याखाली खुर्च्या मांडल्या. थंड मटणाचे आणि बीटाचे सँडविच, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये चहा. घड्याळात दुपारचे साडेबारा. आणखी साडेपाच तास, की मी जिंकलो!

"लेस, माझी खुर्ची डुगडुगतेय," बेरिल म्हणाली.

"हलव जरा."

"हलवली. तरी डुगडुगतेय. पायाखाली काहीतरी आहे."

"दगड असेल."

"बघ ना जरा."

"बेरिल!" मी म्हणालो. तिने माझी परीक्षा घ्यावी याचं मला खरंच वाईट वाटलं. "खाली बघायचं नाही असं ठरलंय ना?"

ती डुगडुगत डुगडुगत जेवली.

आणि मग ग्लेनिसचा तिसरा पाय बोलू लागला. तो मी सकाळी रस्त्यात खाल्ला होता, टाकवला नाही. पोटात आधी लांबवर गडगडलं, मग जवळ. मी फावडं घेतलं, कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि चालू लागलो. जगात इतरत्र कुठेही, माणूस फावडं आणि कागदाची गुंडाळी घेऊन झुडपात निघाला तर लोक माना वळवतात. इथे चाळीस दुर्बिणी वळल्या. माझ्याकडे!

"गुंडाळी कशाला घेतलीय त्याने?" लांबून आवाज आला.

"गुंडाळून आणायला!"

मी दोनशे पावलं गेलो. मान वर असल्यामुळे दोनदा पडलो, फावडं सुटलं नाही. एक दाट झुडूप गाठलं. जे करायचं ते केलं, खड्डा बुजवला, फावड्याने माती नीट थापटली. इथपर्यंत कुठलाही सभ्य माणूस हेच करतो. पण मग, वाचकहो, चाळीस वर्षांच्या सवयीने माझा घात केला. सोनं सापडलेला माणूस परत येताना काय करतो? एक फांदी तोडतो आणि आपल्या पावलांचे ठसे झाडत झाडत मागे मागे येतो, म्हणजे जागा कोणाला कळू नये. माझ्या हाताने फांदी तोडली. मला विचारलंसुद्धा नाही! आणि मी, मान वर, पाठीमागे चालत, चाळीस दुर्बिणींच्या देखत, दोनशे पावलं माती झाडत आलो.

झाडाखाली पोचलो तर बेरिल खुर्चीशेजारी उकिडवी बसलेली. हातात चहाचा चमचा, गाल लाल.

"लेस," ती घाईघाईने म्हणाली, "बस. ऐक. खुर्चीच्या पायाखाली बघ काय..."

"नाही!" मी म्हणालो.

"अरे, मी सांगतेय म्हणून..."

"खालच्या विषयावर एक अक्षर नको! साडेचार तास उरलेत, बेरिल! मी तीन दिवस खांबांवर आदळलोय, ते फुकट घालवू?" आणि मी दोन्ही कानांत बोटं घातली. घट्ट. वर डोळेही मिटून घेतले.

थोड्या वेळाने एक डोळा किलकिला केला. तिचे ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले. मग ती हसली, आणि तिने थर्मासमधला उरलेला चहा झाडाला ओतून टाकला.

तेवढ्यात चोवीस इंजिनं एकदम सुरू झाली.

पुढचं मी लांबून, पण मान वर असल्यामुळे अतिशय स्पष्ट पाहिलं. सगळ्या गाड्या त्या झुडपाकडे सुटल्या. कोणी गाडी थांबायच्या आत उडी मारून जागेवर हक्क सांगायच्या खुंट्या ठोकायला लागला, कोणी त्याच खुंट्या उपटायला. डिटेक्टर एकमेकांना बघून कुई कुई करत होते. कॅरव्हॅनवाले आजोबा फुलांसाठी आणलेलं पुस्तक हातात घेऊन सगळ्यांत मागे धावत होते. आणि सगळ्यांत पुढे मिर्को! थापटलेली माती त्यानेच पहिल्यांदा ओळखली. फावड्याने घाव घालून आतला माल फुटेल म्हणून तो गुडघ्यांवर बसला, बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

त्याने आत नीट चाचपून पाहिलं.

मग मिर्कोची किंकाळी. झाडावरचे सगळे काकाकुवे एकदम उडाले.

तो आमच्याकडे चालत आला, हात अंगापासून लांब धरून, दोन्ही बाजूंना पसरून, विमानासारखा. मागे सगळी गर्दी, पण जरा अंतर ठेवून.

"लेस," तो म्हणाला. "चाळीस वर्षांची दोस्ती."

"मी ओरडून सांगितलं होतं, गड्या. तिथे काही नाही म्हणून."

"काही नाही कसं?" मिर्को म्हणाला. "होतं."

बेरिलने त्याच्या हातांवर पाणी ओतलं. दोन डबे लागले. मग एकेक करून गाड्या निघून गेल्या, कोणी कोणाकडे न बघता. समोरून जाताना एकानेही स्टिअरिंगवरचं बोट उचललं नाही.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. बेरिल तर गुणगुणत होती. थर्मास तिने मांडीवर धरला होता, आणि खड्डा आला की आत काहीतरी खड्डकन वाजायचं.

"काच फुटली वाटतं," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली.

"चहा अर्धा असताना ओतून का टाकलास?"

"जागा हवी होती."

मी जास्त विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाने चौकशा करू नयेत.

बरोबर सहा वाजता आमच्या अंगणात गाडी थांबली. मी उतरलो, मान खाली घातली आणि आमच्या लाल मातीकडे पोटभर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं हो! मानेत कळ आली म्हणून, पण आलं. मग मी छाती फुगवून तीन वेळा ओरडलो, "सोनं! सोनं! सोनं!"

"बरं झालं, तूच विषय काढलास," बेरिल म्हणाली.

तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर थर्मास उपडा केला. आतून एक ढेकूळ घरंगळत आलं, मीठदाणीला धडकलं आणि थांबलं. मध्यम बटाट्याएवढं. पिवळं. एका बाजूला खुर्चीच्या पायाचा गोल ठसा.

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, तरी बसलो.

"मी तुला सांगत होते," ती म्हणाली. "दोनदा. तू कानात बोटं घातलीस."

मग तिने पर्स उघडली आणि सेहेचाळीस वर्षांची घडी उलगडून तो परवाना ढेकळाशेजारी ठेवला. कागद पिवळा पडला होता, पण सही माझ्यासमोर झालेली होती आणि मुदत मरेपर्यंतची होती. ज्याला सापडलं त्याचं!

"तू शब्द पाळलास, लेस," बेरिल म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तीन दिवस माझ्याबरोबर होतास, पूर्ण. खरंच छान गेले. आता मीही माझा शब्द पाळणार. त्या गावाचं नाव मी तोंडातून काढणार नाही म्हणजे नाही."

आणि तिने उनाच्या शेजारच्या घराचा फोटो काढून, एक शब्दही न बोलता, त्या ढेकळाला टेकवून उभा केला.

हे लिहितोय तेव्हा बाहेर पाऊस पडतोय. कालही पडत होता. सकाळी उना डोकावून "आज जरा उघडलंय, नाही?" म्हणते, तेव्हा तिच्या छत्रीतून पाणी गळत असतं. डिटेक्टर घेऊन मी समुद्रकिनाऱ्यावर जातो. आजवर बाटल्यांची एकशे बारा झाकणं मिळाली आहेत. मिर्को अधूनमधून फोन करतो. मी त्याला सगळं खरं सांगितलं, झाड, खुर्ची, चमचा. तो खूप वेळ हसला आणि म्हणाला, "लेस, म्हातारा झालास तू. पूर्वी बऱ्या थापा मारायचास!"

ती घडीची खुर्ची बेरिलने आणली आहे. दिवाणखान्यात, खिडकीपाशी, मानाच्या जागी असते. उना आली की ती तिच्यात बसते, आणि बसली की खुर्ची डुगडुगते, कारण त्या दिवसापासून तिचा एक पाय वाकडा झाला आहे. हे मला माहीत आहे. खाली फरशी आहे, हेही माहीत आहे. फरशी मीच बसवली.

तरी दर वेळी मी पेपर बाजूला ठेवतो, गुडघ्यांवर बसतो आणि खाली बघतो.